आतलं अस्तर

धाकटीनं बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली थोरलीच्या हातात कोंबली.

"प्या. अजून अर्धी राहिलीय."

"अगं, तपासणी तुझी आहे का माझी?"

"माझीच. पण एकटीला पाणी घशाखाली उतरत नाही. कुणी सोबत पीत असलं की बरं पडतं."

थोरलीनं आधी बाटलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि निमूटपणे चार घोट घेतले. सोबत म्हणून आलेल्या माणसानं सोबत करावी, हे तिला मान्यच होतं. सोबत म्हणून रडावं, हसावं, इस्पितळातल्या बाकड्यावर अख्खी रात्र काढावी. पण सोबत म्हणून पोट फुटेस्तोवर पाणी प्यावं हे तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. बरं, नाही म्हणावं तर धाकटीशी वाद घालावा लागणार, आणि धाकटीशी वाद घालून जिंकलेला माणूस घरात अजून जन्माला यायचा होता.

दवाखान्याची ती बसायची खोली बायकांनी भरलेली होती आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या पोटुशा. कुणी नुकती, कुणी भरात आलेली, कुणी आज जाते की उद्या अशी. समोरच्या भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. पंखा फिरत होता, पण त्याचं सगळं वारं काउंटरमागच्या बाईंनाच लागत होतं.

शेजारच्या खुर्चीवरच्या पोरसवदा बाईनं बराच वेळ चुळबुळ करून शेवटी धाकटीला विचारलंच, "काकू, तुम्हाला कितवा?"

"मला?" धाकटीनं छातीवर हात ठेवला. "अगं बाई, माझा नववा महिना सरून जमाना झाला. त्या नवव्या महिन्याला आता मिशा आल्यात."

ती मुलगी खुदकन हसली, मग ओशाळली. "सॉरी हं. सोनोग्राफी म्हटलं की मला वाटलं…"

"सगळ्यांना तसंच वाटतं. भाडेकरू गेला म्हणून घराची डागडुजी करायची नाही की काय? भिंतीला ओल आली का, छत गळतं का, मालकिणीनं बघायला नको?"

आजूबाजूच्या तिघी-चौघी हसल्या. थोरलीला काही हसू आलं नाही. तिनं पाय जवळ घेतले आणि भिंतीवरच्या बाळाकडे बघत राहिली. चारचौघांत असलं बोलायचं म्हणजे तिच्या अंगावर काटाच यायचा.

या दोघी जावा. घराच्या खालच्या खोलीत दोघींचं शिवणाचं दुकान. थोरली कापायची, धाकटी शिवायची. थोरलीची कात्री मोजूनमापून, मुकाट चालायची आणि धाकटीचं मशीन तिच्या तोंडासारखंच, एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. हल्ली बँडवाल्यांचे कोट हातात होते. लाल कापड, सोनेरी पट्ट्या आणि आतून पांढऱ्या सुती कापडाचं अस्तर, कारण उन्हात वाजवायचं म्हणजे घाम टिपायला हवा. कापून उरलेल्या चिंध्या उशांत भरायच्या, तेवढीच वरकमाई.

महिन्याभरापूर्वी त्या कोटांच्या ढिगाआडूनच धाकटीनं तक्रार सुरू केली होती. अंगावर फार जातं. पाळी संपते न संपते तोच पुन्हा येते. गाठी पडतात. खुर्चीवरून उठले की आधी मागे वळून खुर्ची बघते. थोरली ऐकून घ्यायची आणि दर वेळी एकच सांगायची, "अंगावर काढू नकोस. दाखवून ये."

"बघू या."

"बघू या काय? असली दुखणी अंगावर काढणाऱ्या बायकांचं पुढं काय होतं, माहीत आहे ना?"

हे बोलताना थोरलीची कात्री एकदा थबकायची आणि मग पुन्हा चालू व्हायची. कारण तिचं स्वतःचं काय चाललं होतं ते तिचं तिला ठाऊक. पाळी बंद होऊन सात वर्षं झालेली. सुटले एकदाची, म्हणून तेव्हा तिनं देवासमोर दिवा लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आणि आता तीन महिन्यांपासून पुन्हा डाग दिसायला लागला होता. पहिल्यांदा वाटलं, जड गठ्ठा उचलला म्हणून असेल. दुसऱ्यांदा वाटलं, उष्णता असेल. तिसऱ्यांदा काहीच वाटून घेतलं नाही. हे असं होणं बरं नव्हे, एवढं तिला कळत होतं. तिच्या सख्ख्या बहिणीचं असंच झालं होतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा सांगून उपयोग उरला नव्हता. म्हणून तर थोरलीनं ठरवलं होतं की हे कोट एकदाचे हातावेगळे झाले की जायचं. त्याआधी ठरवलं होतं की शाळेचे गणवेश झाले की जायचं. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता. तो साध्या शिंकेनंही घर डोक्यावर घेणारा माणूस.

शेवटी धाकटीनं अट घातली, तुम्ही बरोबर येत असाल तरच जाते. फोन करून नंबरही तिनंच लावला. आणि आज या दोघी इथं बसल्या होत्या, एक बाटली रिकामी करून दुसरीच्या तळाला पोचलेल्या.

"मला जाऊन यायचंय," थोरली दबक्या आवाजात म्हणाली.

"थांबा की जरा."

"अगं, थांबा काय? मला आता उठवतसुद्धा नाही."

"तरी थांबा. फुगलेल्या पोटातून आतलं नीट दिसतं, बाईंनी फोनवर सांगितलंय."

"तुझं दिसायला हवं ना. माझ्या पोटात बघण्यासारखं काय आहे?"

धाकटीनं बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. धाकटीनं उत्तर न देणं ही काही रोजची गोष्ट नव्हे, पण थोरलीचं सगळं लक्ष तेव्हा दुसरीकडेच होतं. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मदतनीस बाई डोकावल्या.

"चला, पुढचा नंबर कुणाचा?"

"यांचा," म्हणत धाकटीनं थोरलीच्या पाठीवर हात ठेवला.

थोरली हसली. मग धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू तिथंच थांबलं.

"काय चेष्टा लावलीस?"

"चेष्टा नाही, ताई. नंबर तुमच्या नावानं घेतलाय."

"माझ्या? का म्हणून?"

धाकटी तिच्या कानाजवळ झुकली. घरात, दुकानात, गल्लीत कुठंही हिचा आवाज एवढा खाली आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "उशांत सगळ्या रंगीतच चिंध्या भरल्या जातायत. लाल, निळ्या. कोट आतून पांढरे, मग पांढऱ्या चिंध्या जातात कुठं? मशीन चालवते म्हणून काय, डोळे मिटून चालवत नाही मी."

थोरलीच्या कानशिलांना एकदम ऊन लागल्यासारखं झालं. या वयात दुकानात जाऊन पॅड मागायची तिची छाती झाली नव्हती. कोपऱ्यावरचा दुकानदार तिच्या मुलाच्या वर्गातला. म्हणून कातरलेल्या अस्तराचे मऊ तुकडे ती बाजूला काढायची, घड्या करायची आणि गठ्ठ्याखाली सरकवून ठेवायची. कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही, अशी तिची समजूत होती.

"आणि तुझं ते? अंगावर जातं, गाठी पडतात?"

"तुम्हाला नुसतं चला म्हटलं असतं तर आला असता?"

"अहो ताई, येताय ना?" मदतनीस बाई घाईत होत्या. "नाहीतर पुढच्यांना घेते."

तिथून पळ काढण्याचा विचार थोरलीच्या मनात आला नाही असं नाही. पण पळायला पोट मोकळं असावं लागतं. ती खुर्चीच्या हाताला धरून सावकाश उठली आणि दारापर्यंत अशी चालत गेली की ती पोरसवदा मुलगी हळहळून म्हणाली, "काकूंना कळा येतायत का हो?"

आत डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. वयानं थोरलीच्या मुलीएवढ्या, पण नजर अशी की हिला आतापर्यंत निम्मं कळलंय असं वाटावं.

"बसा. काय त्रास होतोय?"

थोरली खुर्चीवर टेकली आणि पदर सारखा केला. तीन महिन्यांत हे वाक्य तिनं आरशालासुद्धा सांगितलं नव्हतं. ते आपल्या तोंडून कसं ऐकू येईल याचा तिला अंदाज नव्हता.

"पाळी बंद होऊन सात वर्षं झालीत. आता पुन्हा डाग दिसतो," ती म्हणाली.

म्हटलं खरं, आणि काही कोसळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली, जणू कुणी बटण तुटल्याचं सांगावं. कधीपासून, किती, दुखतं का, कसल्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला असा आजार झाला होता का, असं एकेक विचारत गेल्या. बहिणीचं सांगताना थोरली पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. बाईंनी घाई केली नाही.

"आलात ते फार चांगलं केलंत. आधी वरून बघू या."

पोटावर गार जेल पडलं तशी थोरली शहारली. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "वा. एवढं भरलेलं ब्लॅडर बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. कुणी पाजलं इतकं पाणी?"

"जावेनं."

"गुणाची आहे. दोन्ही ओव्हरी व्यवस्थित दिसतायत. आता आधी जाऊन मोकळ्या होऊन या. मग आतून बघू. त्याला ब्लॅडर रिकामंच लागतं."

मोकळी होऊन परत येईपर्यंत थोरलीला अर्धं बरं वाटत होतं. वाटेत तिनं मनातल्या मनात धाकटीला ज्या शिव्या हासडल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण तपासणीच्या टेबलावर पाय दुमडून झोपायची वेळ आली तशी तिनं दाराची कडी लागलीय ना, ते दोनदा बघितलं. बाईंनी तिला ती बारीक दांडी दाखवली, तिच्यावर चढवलेलं आवरण दाखवलं.

"दुखलं तर लगेच सांगायचं. तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार."

दुखलं नाही फारसं. अवघडल्यासारखं झालं, इतकंच. थोरलीनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. बाहेरच्या पोरींना इथं नाक दिसत असेल, बोटं दिसत असतील. तिला दिसलं ते राखाडी धुकं.

"हे गर्भाशय," बाई म्हणाल्या. "वय झालं की असं लहान होतं. आणि मधे ही पांढरी रेघ दिसतेय? ते आतलं अस्तर."

"अस्तर?"

"हो. आम्ही त्याला अस्तरच म्हणतो. दर महिन्याला पाळीत जातं ते हेच. पाळी बंद झाली की ते वाढायचं थांबतं. त्याचीच जाडी मोजायची आपल्याला."

चाळीस वर्षं थोरलीनं अस्तरं कापली होती. कोटांना, गणवेशांना, पडद्यांना. आपल्यालाही आतून एक आहे, ते दर महिन्याला उसवतं आणि नवं लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला त्या रेघेची उगाच माया आली. मग आठवलं की आपण इथं कशासाठी पडलो आहोत.

बाईंनी रेघेच्या अलीकडे एक फुली टाकली, पलीकडे एक फुली टाकली. जरा थांबल्या. पुसल्या, पुन्हा टाकल्या. थोरलीनं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. बहिणीचा चेहरा समोर आला, मग मुलीचा, मग कुणाचाच नाही.

"पातळ आहे," बाई म्हणाल्या.

थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी ते पाहिलं आणि हात थांबवला.

"दुखलं का?"

"नाही. पातळ म्हणालात ना. आता पुढं काय करायचं?"

"अहो, पातळ म्हणजे उत्तम."

"उत्तम?" थोरलीनं डोळे पुसले. "आमच्याकडे अस्तर पातळ निघालं की गिऱ्हाईक कोट तोंडावर फेकतं."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. मदतनीस बाईही तोंडावर हात ठेवून हसल्या. "इथं उलटं असतं. पाळी गेल्यानंतर ते जाड निघालं असतं, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागला असता. तुमचं चार मिलिमीटरच्याही आत आहे. एवढ्या पातळ अस्तरात तुम्ही ज्याला भिताय ते सापडणं फारच क्वचित. बहुतेक वयानं आतली त्वचा कोरडी झालीय, त्यामुळे डाग दिसत असणार. आत्ता नीट बघूनच घेते, आणि लावायला मलम देते. पण एक ऐका. पुन्हा डाग दिसला तर पातळ होतं म्हणाल्या होत्या असं म्हणत घरी बसायचं नाही. त्याच आठवड्यात यायचं."

"येईन."

"जावेशिवाय?"

"जावेशिवाय," थोरली म्हणाली, आणि आपण खरंच येऊ असं तिला वाटलं.

कपडे नीट करून ती बाहेर आली. धाकटी खुर्चीच्या अगदी काठावर बसली होती. शेजारची मुलगी धाकटीची पिशवी मांडीवर धरून होती. थोरलीला बघताच धाकटी उठून उभी राहिली. 

"चांगलं आहे," थोरली म्हणाली. "काळजीचं नाही काही."

"नक्की?"

"नक्की. मलम दिलंय."

धाकटी हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा भलतीकडेच वळला आणि तिनं बाहीनं डोळे दाबले. त्या मुलीनं आपला रुमाल पुढे केला, तो घेऊन तिनं नाकही पुसलं आणि रुमाल तिलाच परत देऊ लागली. मुलगी म्हणाली, राहू दे काकू, ठेवा.

"चला," धाकटीनं एक लांब श्वास घेतला. "बँडवाले येतील. दुकानाला कुलूप बघून भोंगे वाजवत बसतील दारात."

"बस खाली."

"आता काय राहिलं?"

थोरली तिच्या शेजारी बसली. "महिनाभर तू मला जे सांगत होतीस, त्यात थाप किती आणि खरं किती?"

"सगळीच थाप. तुम्हाला आणायचं होतं ना इथं."

"जिन्याचीही?"

"कुठल्या जिन्याची? जिन्याचं कधी बोलले मी?"

"तेच म्हणते. त्याचं तू बोलली नाहीस. अर्ध्या जिन्यात थांबतेस आणि वाकून चप्पल नीट करतेस. रोज. अशी कुठली चप्पल रोज त्याच पायरीवर निसटते? मी वरच्या खिडकीत असते तेव्हा. कात्री चालवते म्हणून मीही काही डोळे मिटून बसत नाही."

धाकटीनं हातातल्या रुमालाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"दम लागतो," ती शेवटी म्हणाली. "गाठीही पडतात. खुर्चीचंही खरंच आहे."

"मग थाप काय होती त्यात?"

"थाप एवढीच की मी दाखवायला जाणार आहे." तिनं हसायचा प्रयत्न केला. "आधी तुमचं बघायचं होतं मला. दोघींचं एकदम काही निघालं असतं तर दुकान कुणी बघितलं असतं? दोन्ही भाऊ मिळून एक बटण लावू शकत नाहीत." मग तिचा आवाज बारीक झाला. "मला फार भीती वाटते, ताई. तुमच्यासाठी म्हणून निघाले. माझं माझं असतं तर आलेच नसते."

थोरलीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. चारचौघांत असलं काही करायची तिला सवय नव्हती, तरी तिनं धाकटीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि काउंटरकडे बघून म्हणाली, "बाई, अजून एक नंबर लावा. आत्ताच्या आत्ता."

"ताई, मी तर मघाशीच जाऊन आले. पोट रिकामं आहे माझं."

"चालतं. आतून बघायला रिकामंच लागतं. मी शिकून आलेय."

काउंटरवरच्या बाईंनी शेवटचा नंबर दिला. एकेक करत पोटुशा बायका आत गेल्या, बाहेर आल्या. ती मुलगीही जाऊन आली, आणि जाताना दोघींना सांगून गेली की आत बाळ जांभई देत होतं. खोली रिकामी होत चालली तशी धाकटी थोरलीकडे आणखी सरकली. थोरलीनं तिचा हात सोडला नाही. दोघींचे तळवे घामेजले होते.

दार उघडलं. मदतनीस बाईंनी खूण केली.

धाकटी उठली. दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून मागे वळली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, काहीतरी हसवा ना मला."

हे थोरलीचं काम नव्हे. घरात विनोद करायचं खातं कायमचं धाकटीकडे. थोरलीनं आयुष्यात एकदाच एक विनोद सांगितला होता आणि त्याचा शेवट विसरली होती. ती आठवू लागली. काही म्हणता काही सुचेना. मदतनीस बाई दार धरून उभ्या होत्या, काउंटरवरच्या बाई बघत होत्या, कोपऱ्यात कुणाचा तरी नवरा पेपर वाचत बसला होता.

थोरलीनं दोन्ही हातांची बोटं कानांशी नेली, डोळे तिरळे केले, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली आणि भर दवाखान्यात धाकटीला वाकुली दाखवली.

दार मिटल्यावरही आतून धाकटीचं हसणं ऐकू येत होतं.